मापात पाप आणि राज्याचा पहारा

वाचकहो, तराजूचे पारडे स्थिर होण्यापूर्वीच पुडी बांधून हातात ठेवली गेली, असा अनुभव ज्याला कधीच आला नाही असा माणूस आपल्यात विरळाच. आता पारड्यांच्या जागी विजेवर चालणारे काटे आले, लाल आकडे चमकू लागले. पण तो आकडा खरा की खोटा हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे. आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी दुकानदारी करणारी आहेत आणि गिऱ्हाईक तर आपण सगळेच आहोत. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी आपल्या घरातलाच म्हणावा लागेल.

ग्राहक संरक्षणाचा इतिहास सांगताना सामान्यतः अमेरिकेपासून सुरुवात करतात. १८९० चा शेर्मन कायदा, मग अध्यक्ष केनेडी यांचे १५ मार्च १९६२ चे काँग्रेसपुढील निवेदन, आणि त्यावरून पाळला जाणारा १५ मार्चचा जागतिक ग्राहक दिन. हे खोटे नाही. पण ते अपुरे आहे. बाजारात फसवणूक होऊ नये, व्यापाऱ्यांनी संगनमत करून भाव चढवू नयेत आणि हे पाहण्यासाठी सरकारचा पगारी माणूस बाजारात हिंडता असावा, ही कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. त्या माणसाला अरबीत ‘मुहतसिब’ म्हणत आणि त्याच्या खात्याला ‘हिस्बा’.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते, ही गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहेच. मदिनेच्या बाजारातील त्यांची एक हकिकत हदीसच्या संग्रहांत आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तर मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. येथे लक्षात घेण्यासारखे असे की, कोणा गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नव्हती. पाहणी आपण होऊन झाली होती.

पण दुसरीही एक हकिकत तितकीच प्रसिद्ध आहे. महागाई झाली तेव्हा लोकांनी प्रेषितांना भाव बांधून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली नाही. भाव चढणे-उतरणे ईश्वराच्या हाती आहे, आणि कोणाच्या मालमत्तेवर अन्याय केल्याचा दावा आपल्यावर राहू नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. म्हणजे लबाडीला बंदी, पण भावात सरकारचा हात नको. या दोन हकिकतींच्या मधोमध पुढची कित्येक शतके धर्मशास्त्रज्ञांचा वाद चालला आणि आजच्या अर्थशास्त्रज्ञांचा वादही, नीट पाहिले तर, याच दोन टोकांमध्ये फिरतो.

दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) स्वतः बाजारात फेरी मारीत. शिफा बिन्त अब्दुल्लाह या लिहितावाचता येणाऱ्या बाईंवर त्यांनी मदिनेच्या बाजाराचे काही काम सोपवले होते, असे काही जुन्या ग्रंथांत आहे. काही विद्वान ती माहिती कच्ची मानतात. मात्र त्या लेखन शिकवीत असत, याबद्दल फारसा वाद नाही. शिकलेल्या बाईकडे बाजाराचा हिशोब, ही कल्पना तेव्हाच्या लोकांना अगदीच अशक्य वाटत नव्हती, एवढे तरी त्यातून दिसते.

पुढे अब्बासी काळात मुहतसिबाचे पद रीतसर झाले. अकराव्या शतकात बगदादच्या अल्-मावर्दी यांनी राज्यव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात काझी आणि मुहतसिब यांच्यातील फरक नेमका सांगितला आहे. काझीकडे फिर्यादी यावा लागतो. मुहतसिब मात्र कोणी फिर्याद करो वा न करो, स्वतः जाऊन तपास करू शकतो. पण त्याच्या अधिकाराला कुंपणही होते. जे उघड आहे, बाजारात आहे, तेवढेच त्याने पाहावे. बंद दारामागे डोकावू नये. आणि ज्यात साक्षीपुरावे घेऊन निवाडा करावा लागेल असे प्रकरण त्याने काझीकडे पाठवावे. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आपल्या देशात २०१९ साली नेमकी हीच गोष्ट पुन्हा कायद्यात लिहावी लागली.

मुहतसिबाने काय काय तपासावे याची हस्तपुस्तकेच तयार झाली. बाराव्या शतकात शाम देशात अश्-शैजरी यांनी लिहिलेले पुस्तक वाचताना मौज वाटते. भट्टीवर कणीक मळणाऱ्याने कपाळाला पट्टी बांधावी म्हणजे घाम कणकेत पडणार नाही. तोंडावर फडके घ्यावे. हातावरचे केस काढून टाकावेत. आणि दिवसा मळत असेल तर माश्या हाकलायला शेजारी एक माणूस उभा करावा! वजने दगडाची नसावीत, लोखंडाची असावीत आणि त्यांवर शिक्का असावा. दगडाचेच ठेवणे भाग पडले तर ते चामड्यात मढवून त्यावर शिक्का मारावा, कारण दगड झिजतो. दुधात पाणी, मसाल्यात भेसळ, अशा लबाड्यांची तर यादीच या पुस्तकांत सापडते. भेसळ ही कलियुगातली नवी गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी ती यादी अवश्य पाहावी.

आता व्यापाऱ्यांच्या संगनमताविषयी. दमास्कसचे इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी ‘हिस्बा’वर स्वतंत्र पुस्तक लिहिले. दुष्काळामुळे किंवा मागणी वाढल्यामुळे भाव चढला तर विक्रेत्यावर जबरदस्ती करू नये, हे त्यांना मान्य होते. पण विक्रीचा हक्क मूठभर लोकांपुरता राखून ठेवलेला असेल, किंवा लोकांची गरज हेरून माल दाबून धरला असेल, तर तेथे राज्याने योग्य भावाने विकायला भाग पाडणे हाच न्याय होय, असे त्यांचे म्हणणे. याच संदर्भात ते एक सुंदर दाखला देतात. त्या काळी वारसाहक्काच्या मालमत्तेची वाटणी करून देणारे मेहनताना घेऊन काम करणारे लोक असत. त्यांनी आपसांत भागीदारी करू नये, असे इमाम अबू हनीफा आणि त्यांच्या शिष्यांचे मत होते. कारण उघड आहे. सगळे वाटणीदार एक झाले तर लोकांना दुसरीकडे जायला जागा राहणार नाही आणि मेहनताना वाटेल तसा वाढेल. आजचा स्पर्धा कायदा ज्याला ‘कार्टेल’ म्हणतो, त्याची व्याख्याच ही.

मुहतसिब हा शब्द नुसता पूर्वेकडेच राहिला नाही. स्पेनमध्ये अरबांची सत्ता गेली तरी पद राहिले, आणि शब्दही. स्पॅनिशमध्ये तो ‘अल्मोतासेन’ झाला आणि पोर्तुगीजांत ‘अल्मोतासे’. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि तेथे लिस्बनच्या धर्तीवर नगरपालिका उभी केली, तेव्हा बाजारातील वजनमापे, खाद्यपदार्थ व भाव पाहणारा अधिकारी याच नावाने तिच्यात होता. अरबांचा मुहतसिब युरोपचा वळसा घालून ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या गलबतांतून मांडवीकाठी उतरला म्हणायचा.

आपल्या देशात ही जाणीव इस्लामबरोबरच आली, असे मात्र कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी वेगळा अध्यक्ष आहे. देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफ्याची मर्यादा आहे. आणि संगनमताने माल रोखून धरणाऱ्या किंवा चढ्या भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना एक हजार पणांचा दंड सांगितला आहे.

परंतु पुस्तकात लिहिणे वेगळे आणि राजधानीच्या भर बाजारात करून दाखवणे वेगळे. ते करून दाखवणारा राजा म्हणजे अलाउद्दीन खलजी. याचे नाव महाराष्ट्रात देवगिरीच्या स्वारीमुळे कडवटपणे घेतले जाते, आणि त्यात आश्चर्य नाही. १२९६ मध्ये त्याने रामदेवराव यादवाची अमाप संपत्ती लुटून नेली आणि तिच्या जोरावर दिल्लीचे तख्त मिळवले. देवगिरीचे सोने दिल्लीच्या रस्त्यांत उधळले गेले. एवढा पैसा एकदम बाजारात आल्यावर महागाई वाढण्याला हातभार लागला असल्यास नवल नाही; बाजार बांधून काढण्याची गरज निर्माण करण्यात देवगिरीच्या लुटीचाही वाटा असावा, असे माझे मत आहे.

तात्कालिक कारण मात्र मोगलांच्या, म्हणजे मध्य आशियातील मंगोलांच्या, स्वाऱ्यांचे होते. १३०३ मध्ये तर्गीने दिल्लीला सुमारे दोन महिने वेढा दिला. मोठे खडे सैन्य ठेवल्याशिवाय निभाव लागणार नव्हता आणि सैनिकाला २३४ टंक्यांपेक्षा जास्त वार्षिक पगार देणे खजिन्याला परवडणारे नव्हते. मग तेवढ्या पगारात सैनिकाचे घर, घोडा आणि हत्यार भागायचे तर वस्तूच स्वस्त हव्यात. ही हकिकत जियाउद्दीन बरनी याने आपल्या ‘तारीखे फिरोजशाही’त दिली आहे. बरनी हा पूर्वग्रहांनी भरलेला, वर्गाभिमानी लेखक. व्यापाऱ्यांविषयी आणि हिंदूंविषयी त्याची भाषा वाचवत नाही. पण दिल्लीच्या कोतवालाचा पुतण्या असल्याने त्याला आतली माहिती होती, आणि बाजारभावांचे त्याच्याइतके तपशील त्या काळच्या दुसऱ्या कोणी दिलेले नाहीत.

गहू मणाला साडेसात जितल, जव चार जितल, तांदूळ पाच, हरभरा पाच, उडीद पाच, मठ तीन. त्या वेळचा मण आपल्या ब्रिटिश अमदानीतल्या चाळीस शेरी मणापेक्षा बराच लहान होता आणि चांदीच्या टंक्याचे सुमारे ४८ जितल होत. नुसता भाव जाहीर करून काही होत नाही, हे अलाउद्दीनला कळत होते. आपल्याकडच्या कित्येक सरकारांना ते उशिरा कळले. म्हणून त्याने आधी पुरवठ्याची व्यवस्था केली. दुआबातील सरकारी सारा धान्याच्या रूपाने घेऊन कोठारे भरली. गावोगाव धान्य वाहून नेणाऱ्या तांड्यांच्या नायकांना बायकापोरांसह यमुनेच्या काठी वसवले, एकमेकांना जामीन राहायला लावले आणि धान्य मंडीत आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. साठेबाजीला सक्त मनाई केली. पाऊस हुकला की प्रत्येक मोहल्ल्यातील दुकानदाराला वस्तीच्या प्रमाणात रोजचे धान्य मिळे आणि एका गिऱ्हाइकाला अर्ध्या मणापेक्षा जास्त देत नसत. रेशनिंगचा याहून जुना आणि स्पष्ट दाखला आपल्या इतिहासात मला तरी माहीत नाही.

मंडीवर मलिक कबूल हा शहना नेमला होता. दुष्काळ पडलेला असताना त्याने अर्धा जितल भाव वाढवण्याची सूचना केली, तर त्यालाच फटके खावे लागले. आणि सुलतान एकट्या शहन्यावर विसंबून नव्हता. बाजाराची बातमी त्याच्याकडे रोज तीन वेगवेगळ्या वाटांनी जाई: एक शहन्याची, दुसरी बरीद म्हणजे वार्ताहर अधिकाऱ्याची आणि तिसरी गुप्तहेरांची. तिन्हींत फरक पडला की कोणाची तरी धडगत नसे. देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणी करायची, या प्रश्नाचे हे उत्तर क्रूर असले तरी हुशारीचे होते.

कापड, साखर, तूप, सुका मेवा, दिव्याचे तेल यांच्यासाठी बदायूँ दरवाजाच्या आत ‘सराई अदल’ नावाचा स्वतंत्र बाजार उभारला. व्यापाऱ्यांची नावनोंदणी झाली. बाहेरून कापड आणून ठरल्या भावाने विकण्यासाठी मुलतानी व्यापाऱ्यांना सरकारी खजिन्यातून वीस लाख टंके उचल दिली गेली. भारी कापड मात्र परवान्याशिवाय मिळत नसे, कारण दिल्लीत स्वस्तात घेऊन बाहेर चौपट-पाचपट दराने विकण्याचा मोह श्रीमंतांना होई. या भारी कापडांच्या यादीत आपल्या देवगिरीच्या कापडाचेही नाव आहे.

घोडेबाजाराची गोष्ट तर आजच्या स्पर्धा आयोगाच्या निकालपत्रात शोभावी अशी आहे. पहिल्या प्रतीचा घोडा १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीचा ८० ते ९०, तिसऱ्याचा ६५ ते ७०. घोड्याचा भाव चढायला घोडा कारण नव्हता, दलाल कारण होता. बडे दलाल विकणाऱ्याकडूनही घेत आणि घेणाऱ्याकडूनही, आणि आपसांत ठरवून भाव फुगवीत. पैसेवाले लोक घोडे घाऊक उचलून पुढे विकत. सुलतानाने पैसेवाल्यांना बाजारात यायला बंदी केली आणि दलालांच्या म्होरक्यांना शहराबाहेर काढून दूरच्या किल्ल्यांवर धाडले.

सर्वांत वरचा अधिकारी ‘रईस’ होता, याकूब नावाचा. वजनात कपट आहे की नाही हे पाहण्यासाठी सुलतान स्वतःच्या कबुतरखान्यातील पोरांच्या हाती थोडे जितल देऊन त्यांना रोटी, मिठाई, खरबूज आणायला पाठवी. आणलेला माल वजन करून पाहत. कमी भरला तर दुकानदाराला शोधून काढीत, आणि जेवढे वजन कमी भरले तेवढे मांस त्याच्या मांड्यांचे कापून घेत, असे बरनी लिहितो. वाचकहो, शाळकरी पोराला बाजारात पाठवून वजन तपासण्याची युक्ती कोणालाही आवडेल. वजनमाप खात्याचे निरीक्षक साध्या वेषातले गिऱ्हाईक पाठवतात ते याच तत्त्वाने. पण पुढची शिक्षा ऐकून अंगावर काटा येतो. काही लोक भेसळीच्या बातम्या वाचून आजही अशाच शिक्षांची मागणी करतात. त्यांनी बरनीचेच पुढले म्हणणे ऐकावे: एवढी दहशत असूनही दुकानदारांना वठणीवर ठेवणे हे राज्यातले अतिशय अवघड काम होते.

हे सारे कशासाठी? सैन्यासाठी, असे बरनी सांगतो. पण शेख नसीरुद्दीन चिरागे दिल्ली यांच्या संभाषणांचा जो ‘खैरुल मजालिस’ नावाचा संग्रह आहे, त्यात वेगळीच गोष्ट आहे. सुलतान एकदा उघड्या डोक्याने विचारात गढून बसलेला होता. कारण विचारल्यावर तो म्हणाला की, ईश्वराने इतक्या लोकांवर मला नेमले, तर सगळ्यांना पोहोचेल असे मी काय करू? सगळा खजिना वाटला तरी सर्वांना पुरणार नाही. धान्य स्वस्त केले तर ते मात्र सर्वांपर्यंत पोहोचेल. शेखसाहेबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा सुलतानाच्या मृत्यूला चाळीसेक वर्षे होत आली होती. त्यांना कोणाची खुशामत करायची नव्हती. दिल्लीची गोरगरीब माणसे त्याच्या कबरीवर नवसाचे धागे बांधीत, असेही तेथे आले आहे. दरबारी इतिहासकाराला सैन्य दिसले, खानकाहीतल्या फकिराला भाकरी दिसली. दोघेही खरे असू शकतात.

तिसरा एक पक्ष मात्र कोणाच्याच पुस्तकात नीटसा बोलत नाही, आणि तो शेतकऱ्याचा. उत्पन्नाचा निम्मा हिस्सा साऱ्यात जाई. उरलेले धान्य शेतातच ठरल्या भावाने व्यापाऱ्याला द्यावे लागे. दिल्लीच्या शिपायाला साडेसात जितलांत मणभर गहू मिळत होता, तो कोणाच्या तरी खळ्यावरून येत होता. शहरातल्या गिऱ्हाइकाचे रक्षण करताना खेड्यातल्या उत्पादकाला भरडले जाते, हे आपल्या काळात कांद्याच्या निर्यातबंदीच्या वेळी नाशिक जिल्ह्यातले शेतकरी ओरडून सांगत आले आहेत. १३१६ मध्ये अलाउद्दीन मेला, त्याचा मुलगा मुबारकशहा गादीवर आला आणि बापाचे हे सारे नियम पाहता पाहता मोडीत निघाले. एका माणसाच्या धाकावर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबर गेली.

पुढच्या शतकांचे वर्णन लांबवीत नाही. ‘आईने अकबरी’त कोतवालाच्या कामांमध्ये वजनमापे तपासणे आणि श्रीमंतांना गरजेपेक्षा जास्त खरेदी करू न देणे ही कामे आहेत, शेर तीस दामांच्या वजनाचा, कमी नाही की जास्त नाही. औरंगजेबाने मुहतसिब नेमले, पण त्यांचे लक्ष वजनांपेक्षा लोकांच्या आचरणाकडे अधिक गेले, आणि या पदाची आज जी काहीशी वाईट प्रसिद्धी आहे ती त्यामुळे. उर्दू शायरांनी मुहतसिबाची जी टर उडवली, ती दारूच्या बाटल्या फोडणाऱ्या मुहतसिबाची. खोटा शेर जप्त करणारा मुहतसिब कवितेत आला नाही. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडेही भावांवर नजर ठेवण्याचे काम होतेच.

कंपनी सरकार आल्यावर मात्र उलटेच झाले. १७६५ मध्ये क्लाइव्हने कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी मीठ, सुपारी आणि तंबाखू यांच्या व्यापाराची मक्तेदारी करणारी मंडळी उभी केली. ज्याने मक्तेदारी मोडायची त्यानेच ती करायची! पुढे मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञान आले, ते इतके कडवे की १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत असताना, धान्याचे भाव उतरवण्यासाठी सरकारने कसलाही हस्तक्षेप करू नये, असे व्हाइसरॉय लिटनचे धोरण होते. भाव बांधायला प्रेषितांनी दिलेला नकार आणि लिटनचा नकार वरवर सारखे दिसतील. पण पहिल्यामागे कोणावरही अन्याय होऊ नये ही भीती होती, आणि उपाशी माणसाला खायला घालण्याचे कर्तव्य तेथे कोणी नाकारले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातील टंचाईने इंग्रज सरकारलाही शहाणे केले. १९४३ मध्ये साठेबाजी व नफेखोरीविरुद्ध वटहुकूम निघाला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आणि १९५६ मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला. शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, तेव्हा आजीबाईंना वाटले की आता नक्कीच फसवणार!

मक्तेदारीचा प्रश्न राज्यघटनेतच होता. संपत्तीचे केंद्रीकरण सर्वसामान्यांना अपायकारक होईल असे होऊ नये, असे ३९ वे कलम सांगते. १९६४ मध्ये न्या. के. सी. दासगुप्ता यांचा मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९६५ मध्ये आला, आणि १९६९ मध्ये ‘एम. आर. टी. पी.’ म्हणून ओळखला जाणारा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा झाला. तो १ जून १९७० पासून लागू झाला. वीस कोटींहून अधिक मालमत्तेच्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागू लागली. कायद्याचा मोठा भाग या परवानग्यांत अडकला आणि मोठे उद्योग त्यातून वाट काढीत राहिले. त्याचा दुसरा भाग सामान्य माणसाच्या अधिक उपयोगाचा होता. गॅसची जोडणी हवी तर शेगडीही आमच्याकडूनच घ्या, अशा जोडविक्रीला त्यात आळा होता. पण आयोगाचे हत्यार बोथट होते. हे बंद करा, पुन्हा करू नका, एवढाच हुकूम. दंड नाही म्हटल्यावर धाक कसला?

या कायद्याच्या फेरविचारासाठी १९७७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्या. राजिंदर सच्चर होते. होय, तेच सच्चर, ज्यांच्या २००६ च्या अहवालाने आपल्या समाजाच्या शैक्षणिक व आर्थिक स्थितीचे आकडे देशापुढे मांडले आणि ज्यांचे नाव आपल्या प्रत्येक शिक्षण परिषदेत घेतले जाते. त्याआधी अठ्ठावीस वर्षे, १९७८ च्या अहवालात, त्यांनी दाखवून दिले होते की, कायद्याने व्यापाऱ्यांच्या आपसांतल्या स्पर्धेचा विचार केला, पण खोट्या जाहिरातीला भुलणाऱ्या ग्राहकाला वाऱ्यावर सोडले. त्यांच्या शिफारशींवरून १९८४ मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे प्रकरण कायद्यात आले. समितीच्या नावाने दोन अहवाल प्रसिद्ध झाले, पण पहिला आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे.

कायदे काही दिल्लीत बसून नुसते सुचत नाहीत. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधी महिलांचे लाटणे मोर्चे निघाले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सभासदांनी एकत्र येऊन घाऊक माल घ्यायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत कोणत्याही निरीक्षकाशिवाय भाव खाली आणणारी होती. अशा चळवळींच्या रेट्याने १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यावर राष्ट्रपतींची सही २४ डिसेंबरला झाली, म्हणून तो राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था आली. पण मावर्दींच्या भाषेत सांगायचे तर तो काझीचा कायदा होता, मुहतसिबाचा नव्हे. फिर्यादी आल्याशिवाय न्यायमंच हलत नव्हता. आणि दहा रुपयांच्या साबणासाठी फिर्यादी कोण होणार?

१९९१ नंतर मोठेपणाला परवानगी लागेनाशी झाली. मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा, अशी नवी भूमिका आली. २००२ चा स्पर्धा कायदा झाला, पण न्यायालयीन वाद आणि दुरुस्त्या यांत अडकून त्याची दंडाची कलमे २० मे २००९ पासूनच लागू झाली. या आयोगाचे हत्यार धारदार आहे. कार्टेल करणाऱ्यांना नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना मिळून सहा हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. तो अपिलात रद्द झाला, २०१६ मध्ये पुन्हा बसला, २०१८ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने कायम केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुलतानाचा निकाल एका दिवसात लागत असे. आपला लागायला दशक पुरत नाही. तरीही, चामडी वाचवून चाललेला हा कज्जाच मला पसंत आहे.

गुप्तहेरांच्या जागी आता कायद्याने एक वेगळी युक्ती योजली आहे. संगनमतात सामील असलेल्या कंपनीनेच प्रथम येऊन खरी खबर दिली तर तिचा दंड माफ होतो. २०१८ मध्ये कोरड्या बॅटऱ्यांच्या भावांविषयीच्या प्रकरणात असा पूर्ण माफीचा प्रकार प्रथमच घडला. चोरांच्या टोळीत सर्वांत आधी कोण फुटतो, याची ही शर्यतच.

आणि २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कोणी तक्रार केली नाही तरी हे प्राधिकरण आपण होऊन तपास करू शकते, माल परत घ्यायला लावू शकते, खोट्या जाहिरातीबद्दल दंड करू शकते. मुहतसिबाला मावर्दींनी दिलेला अधिकार तो हाच. जिल्ह्याच्या पातळीवर अशा तपासाचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडेही सोपवता येते; म्हणजे मामला फिरून कोतवालाच्या चावडीशी आला.

स्वतःची तक्रार स्वतः न्यायची असेल, तर आता विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती दाखल करता येते. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील हवाच असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पावती मात्र जपून ठेवावी लागते, आणि जे दुकानदार वाचक आहेत त्यांनी ती गिऱ्हाइकाने मागण्यापूर्वी द्यावी.